न्यू जर्सी ते सॅन फ्रान्सिस्को: आय-८० वरून पहिल्यांदा गाडीने जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

न्यू जर्सीतील नोकरी संपवून कॅलिफोर्नियात बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, राहायला जाणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे एक प्रश्न हमखास येतो: आपली गाडी वाहतूक कंपनीच्या ट्रकवर चढवून पाठवावी की स्वतः चालवत न्यावी? ज्यांनी दुसरा पर्याय निवडला आहे आणि ज्यांना अमेरिकेतील लांबच्या महामार्गाचा अनुभव नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. आय-८० हा महामार्ग न्यू जर्सीतील टीनेक येथे सुरू होतो आणि सॅन फ्रान्सिस्कोत संपतो. मधले अंतर सुमारे २,९०० मैल, म्हणजे साधारण ४,६५० किलोमीटर आहे. वाटेत ११ राज्ये लागतात. रस्ता अवघड नाही, पण तो वाचता यावा लागतो. त्यावरचा प्रत्येक आकडा, रंग आणि रेषा चालकाला काही सांगण्यासाठीच आखलेली आहे, आणि ज्याला ते वाचता येते त्याची धांदल होत नाही, एवढेच मला या लेखातून मुख्यतः सांगायचे आहे.

निघण्यापूर्वी

आधी दिवसांचा हिशेब करावा. नकाशावरचे ॲप हा प्रवास सुमारे ४३-४४ तासांचा दाखवते, परंतु त्यात पेट्रोल, जेवण, रस्त्यांची कामे आणि थकवा यांचा समावेश नसतो. दिवसाला ४५० ते ५०० मैल ही मर्यादा धरली तर सहा ते सात दिवस लागतात. दोन चालक असले तरी ती ओलांडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण गाडीत बसून घेतलेली झोप ही विश्रांती नव्हे. मुले सोबत असतील तर एक दिवस वाढवावा.

भारतातून नुकतेच आलेल्यांनी राहत्या राज्याचा वाहन परवाना हाती येईपर्यंत हा प्रवास करू नये. परदेशी परवान्याचे नियम राज्यागणिक बदलतात, तर एका राज्याने दिलेला परवाना सर्व राज्यांत चालतो. परवाना, गाडीची नोंदणी आणि विम्याचे कार्ड एकाच पाकिटात, चालकाच्या हाताशी ठेवावे. व्हिसावर असणाऱ्यांनी पासपोर्ट आणि आय-९४ या अमेरिकेतील प्रवेशाच्या नोंदीची प्रत सामानाच्या तळाशी बांधून टाकू नये, कारण १८ वर्षांवरील परदेशी नागरिकाने आपली नोंदणीची कागदपत्रे जवळ बाळगावीत असा संघराज्याचा कायदा आहे.

टोलसाठी ईझी-पास घ्यावा आणि त्या खात्यात गाडीचा क्रमांक नोंदवला आहे याची खात्री करावी. डेलावेअर नदीवरचा पूल पश्चिमेकडे ओलांडताना पहिला टोल लागतो. पुढे ओहायो आणि इंडियानातील टोलचे रस्ते आणि शिकागोच्या दक्षिणेचा इलिनॉयचा टोलमार्ग हे सारे याच पासावर पार होतात. त्यानंतर थेट सॅन फ्रान्सिस्कोच्या दारात, बे ब्रिजवर टोल आहे, पण तिथे ईझी-पास चालत नाही. कॅलिफोर्नियाची फासट्रॅक ही स्वतंत्र व्यवस्था आहे.

आकडे आणि रंग वाचायला शिकणे

ड्वाइट आयझेनहॉवर राष्ट्राध्यक्ष असताना १९५६ साली झालेल्या कायद्याने हे महामार्गाचे जाळे उभे राहू लागले, आणि त्याची क्रमांकपद्धती आजही काटेकोर आहे. सम क्रमांकाचे रस्ते पूर्व-पश्चिम जातात, विषम क्रमांकाचे दक्षिण-उत्तर. सम आकडे दक्षिणेकडून उत्तरेकडे वाढतात, म्हणून आय-१० दक्षिणेला आहे आणि आय-९० उत्तरेला. विषम आकडे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढतात, म्हणून आय-५ प्रशांत महासागराच्या बाजूला आहे आणि आय-९५ अटलांटिकच्या. तीन आकडी क्रमांकात पहिला आकडा सम असेल तर तो रस्ता सहसा शहराला वळसा घालून पुन्हा मुख्य मार्गाला मिळतो. विषम असेल तर तो एखाद्या ठिकाणी जाऊन संपणारा फाटा असतो. शिकागोजवळ आय-८०, आय-९४ आणि आय-२९४ काही अंतर एकमेकांत मिसळतात. तेथे शहरांच्या नावांकडे न पाहता फक्त ‘८० वेस्ट’ या दोन शब्दांच्या मागे राहिले की गोंधळ होत नाही.

कडेला दर मैलावर एक अरुंद हिरवी पट्टी उभी असते. तिच्यावरचा आकडा त्या राज्याच्या पश्चिम किंवा दक्षिण सीमेपासूनचे अंतर सांगतो, आणि बहुतेक राज्यांत एक्झिटला, म्हणजे महामार्गावरून उतरण्याच्या फाट्याला, त्याच मैलाचा क्रमांक असतो. त्यामुळे पश्चिमेकडे जाताना आकडे उतरत जातात. पेनसिल्व्हेनियात शिरताच एक्झिट ३१० दिसतो आणि राज्य संपताना आकडा शून्याजवळ आलेला असतो. नेब्रास्कात हीच उतरण ४५५ पासून सुरू होते. आपण २२६ मैलावर आहोत आणि जेवणासाठी एक्झिट १७८ गाठायचा आहे, तर ४८ मैल उरले हे कोणत्याही यंत्राशिवाय कळते, आणि मोबाइलची रेंज गेलेल्या पट्ट्यांत याचा मोठाच आधार वाटतो. अपघात किंवा बिघाड झाल्यास ९११ या आपत्कालीन क्रमांकावर सांगायचा पत्ताही हाच: महामार्गाचा क्रमांक, दिशा आणि जवळचा मैल.

हिरव्या फलकाच्या डोक्यावर एक्झिट क्रमांकाची लहान पट्टी असते. ती उजव्या टोकाला असेल तर एक्झिट उजवीकडे आणि डाव्या टोकाला असेल तर डावीकडे. निळे फलक पुढच्या एक्झिटवरील पेट्रोल, खाणे आणि मुक्कामाची सोय सांगतात, तपकिरी फलक उद्याने व ऐतिहासिक स्थळे, पिवळे धोक्याची सूचना, आणि नारिंगी रस्त्याचे काम. नारिंगी रंग दिसताच वेग उतरवावा, कारण कामाच्या पट्ट्यात अनेक राज्ये दंड दुप्पट करतात.

रस्त्यावरच्या रेषाही बोलतात. चालकाच्या डाव्या हाताला कडेची रेषा पिवळी असते आणि उजव्या हाताला पांढरी. रात्री अनोळखी रॅम्पवरून, म्हणजे महामार्गावर चढण्या-उतरण्याच्या जोडरस्त्यावरून, चढताना पिवळी रेषा उजवीकडे दिसली, तर आपण उलट्या दिशेने शिरत आहोत. मार्गिकांमधली तुटक पांढरी रेषा लांबून हातभराची वाटते, पण ती १० फुटांची असते आणि दोन रेषांमधली मोकळी जागा ३० फुटांची. ताशी ७० मैलांच्या वेगात तीन सेकंदांत गाडी जवळपास अशा आठ रेषा मागे टाकते. म्हणून त्या वेगात पुढच्या गाडीपर्यंत आठ रेषा मोकळ्या दिसल्या पाहिजेत, पावसात त्याहून अधिक.

महामार्गावर चढणे आणि चालणे

भारतात वर्षानुवर्षे उत्तम गाडी चालवलेल्या माणसालाही येथे सर्वांत जड जाते ते महामार्गात मिसळणे. रॅम्पच्या टोकाशी थांबून मोकळी जागा शोधण्याची आपली सवय येथे घातक ठरते, कारण मागून येणारी गाडी वेग वाढवण्याच्याच तयारीत असते. रॅम्पवरच वाहतुकीच्या वेगाशी वेग जुळवावा, इंडिकेटर द्यावा, आरशात पाहावे, मान वळवून आरशात न दिसणारा कोपरा पाहावा आणि मग सरकावे. आपण महामार्गावर असताना रॅम्पवरून कोणी चढत असल्यास आणि डावी मार्गिका मोकळी असल्यास आपण डावीकडे सरकून त्याला वाट द्यावी.

डावी मार्गिका पुढे जाण्यासाठी आहे. मागे टाकून झाले की उजवीकडे परतावे. ट्रकच्या मागून, विशेषतः त्याच्या उजव्या अंगाने, रेंगाळत जाऊ नये: तुम्हाला त्याच्या आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. हेडलाइटच्या उघडझापीचा अर्थ मात्र आपल्याकडच्यापेक्षा अगदी उलट निघू शकतो. आपल्याकडे त्यातून बहुधा ‘मी येतो आहे, बाजूला हो’ असे सांगितले जाते. येथे ट्रकला ओलांडल्यावर त्याच्या चालकाने दिवे लुकलुकवले, तर ‘तुमची गाडी पुरेशी पुढे गेली आहे, आता या’ असे तो सांगत असतो. हॉर्न धोक्याखेरीज वाजवत नाहीत.

कडेला पोलीस, रुग्णवाहिका किंवा बिघडलेल्या गाडीला ओढून नेणारे वाहन दिवे लावून उभे असेल, तर त्यालगतची मार्गिका सोडणे आणि ते शक्य नसल्यास वेग बराच कमी करणे हा कायदा या ना त्या रूपात पन्नासही राज्यांत आहे. वेगमर्यादा मात्र राज्यागणिक वेगळी असते: न्यू जर्सीत ती जास्तीत जास्त ६५ मैल असते, नेब्रास्कात ७५ आणि युटा व नेवाडाच्या मोकळ्या पट्ट्यांत ८०. ८० ही परवानगी आहे, सक्ती नव्हे. सामानाने भरलेली गाडी त्या वेगात वाऱ्याने हलू लागते, तेव्हा उजव्या मार्गिकेत ७० ने चालण्यात काहीही गैर नाही.

पोलिसांनी थांबवल्यास

मागे लाल-निळे दिवे दिसले की उजवा इंडिकेटर द्यावा आणि सुरक्षित जागी कडेला थांबावे. गाडीतून उतरून अधिकाऱ्याकडे चालत जाणे आपल्याकडे नम्रतेचे मानले जाते. येथे त्याला धोक्याची हालचाल समजतात. गाडीतच बसावे, काच खाली करावी, रात्र असेल तर आतला दिवा लावावा आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवावेत. कागदपत्रे मागितल्यावर ती कुठे आहेत हे आधी सांगून मगच हात न्यावा. दंडाची पावती मिळाल्यास तिच्यावर दिलेल्या मुदतीत ती भरता येते किंवा न्यायालयात दाद मागता येते. जागेवर पैसे देऊ करणे हा गंभीर गुन्हा आहे.

पेट्रोल, विश्रांती आणि घड्याळ

न्यू जर्सीत १९४९ पासून ग्राहकाने स्वतः पेट्रोल भरण्यास बंदी आहे. त्यामुळे तेथे वर्षे काढलेल्या अनेकांनी पंपाची नळी कधी हातातही घेतलेली नसते आणि पेनसिल्व्हेनियातील पहिल्याच थांब्यावर ते अडखळतात. पद्धत सोपी आहे. इंधनदर्शकाजवळचा लहान बाण टाकीचे झाकण कोणत्या बाजूला आहे ते दाखवतो. त्या बाजूने पंपाशी लागावे. कार्ड घातल्यावर पंप पिन कोड विचारतो. तो कार्डाच्या बिलाच्या पत्त्याचा द्यायचा असतो. भारतीय बँकेचे कार्ड तेथे बहुधा अडते. तसे झाल्यास आत जाऊन पंपाचा क्रमांक सांगावा आणि आगाऊ पैसे भरावेत. नंतर नळी टाकीत घालावी, प्रत निवडावी आणि खटका दाबावा. टाकी भरली की तो आपोआप सुटतो. वायोमिंग आणि युटात सर्वांत स्वस्त प्रत ८५ ऑक्टेनची असते. गाडीच्या पुस्तिकेत किमान ८७ लिहिलेले असेल, तर तेथे मधली प्रत घ्यावी. डिझेलच्या नळीच्या रंगावर विसंबू नये, शब्द वाचावा.

नेब्रास्काच्या मध्यापर्यंत पेट्रोल सहज मिळते. तेथून पुढे टाकी अर्धी झाली की भरायची, हा नियम पाळावा.

पंप आणि हॉटेले रस्त्यालगत का नाहीत, असा प्रश्न नवख्यांना पडतो. महामार्गाच्या हद्दीत व्यापारी सेवा असू नयेत, असे १९५६ च्या कायद्यानेच ठरवले. ओहायो आणि इंडियानातील टोलचे रस्ते त्याआधीच आखलेले असल्याने तेथे न उतरताच खाणे आणि पेट्रोल मिळते. इतरत्र सरकारी विश्रांतिस्थळांवर स्वच्छतागृह, बाके, नकाशे आणि नाण्यांवर चालणारी विक्रीयंत्रे एवढेच असते. दशम्या, पुऱ्या, चटणी असे टिकाऊ खाणे बरोबर असेल तर ही बाके फार उपयोगी पडतात. ट्रकचालकांसाठीचे मोठे थांबे मोटारींनाही खुले असतात आणि तेथील स्वच्छतागृहे सहसा चांगली असतात. आयोवातील वॉलकॉट येथे, एक्झिट २८४ वर, असा एक अवाढव्य थांबा आहे. ट्रकचालकाला सलग विश्रांतीनंतर जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते. त्यामुळे संध्याकाळनंतर विश्रांतिस्थळे ट्रकांनी भरून जातात आणि रॅम्पच्या कडेलाही ते ओळीने उभे राहतात. अंधारात अशा रॅम्पवरून जपून जावे.

घड्याळ तीनदा एक तास मागे जाते: इंडियानाच्या पश्चिम भागात, नेब्रास्काच्या पश्चिम भागात आणि नेवाडात. यातला शेवटचा बदल राज्याच्या सीमेवर होत नाही, कारण वेस्ट वेंडोव्हर हे नेवाडातील सीमेवरचे गाव युटाचीच वेळ पाळते. पश्चिमेकडे जाताना मिळालेला हा तास गाडी चालवण्यात न घालवता झोपेत घालवावा.

काय पाहावे: पाण्याच्या वाटेने

हा रस्ता कंटाळवाणा आहे असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. आय-८० चा मोठा भाग जुन्या वाटांवरून जातो, आणि त्या वाटा पाण्याच्या आधाराने चालल्या होत्या, हे लक्षात घेतले की सपाट मैदानालाही अर्थ येतो.

इलिनॉय आणि आयोवाच्या सीमेवर मिसिसिपी नदी ओलांडली जाते आणि ओमाहाजवळ मिसूरी. आयोवात मका आणि सोयाबीनची शेते हलक्या चढउतारांवर पसरलेली दिसतात आणि ती पावसावर पोसलेली असतात. नेब्रास्कात रस्ता प्लॅट नदीचा हात धरतो. ही रुंद, उथळ, वाळूच्या बेटांनी भरलेली नदी १९ व्या शतकात बैलगाड्यांनी पश्चिमेकडे निघालेल्या लोकांची वाट होती, आणि नंतर १८६९ मध्ये पूर्ण झालेल्या पहिल्या आंतरखंडीय रेल्वेचीही. आजही युनियन पॅसिफिकच्या लांबच लांब मालगाड्या रस्त्यालगत धावताना दिसतात. फेब्रुवारीअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत प्रवास असेल, तर कर्नीच्या परिसरात स्थलांतर करणाऱ्या सँडहिल क्रौंचांचे प्रचंड थवे संध्याकाळी नदीत उतरतात आणि पहाटे तेथून उडतात. त्यासाठी मुक्काम तेथेच करावा.

कोझाडजवळ रस्ता १०० वे पश्चिम रेखावृत्त ओलांडतो. ही रेषा जमिनीवर नसते, पण साधारण तिच्या पश्चिमेला पाऊस इतका कमी होतो की केवळ त्याच्या भरवशावर मका घेणे अवघड होते. खिडकीतून हे दिसते: शेतांत गोल फिरणाऱ्या सिंचनाच्या लांब लोखंडी कमानी वाढतात, मग शेते विरळ होतात आणि गवताळ कुरणे सुरू होतात. एका राज्याच्या आत, जेवणाच्या दोन थांब्यांच्या दरम्यान, हा बदल होतो.

वायोमिंगात शायेन आणि लॅरमी यांच्यामध्ये ८,६४० फुटांवर आय-८० चा सर्वोच्च बिंदू आहे. तेथे विश्रांतिस्थळ आहे आणि लिंकन यांचा भव्य अर्धपुतळाही. रॉलिन्सच्या आसपास खंडाचा जलविभाजक, म्हणजे दोन महासागरांकडे जाणारे पाणी वेगळे करणारी रेषा, दोनदा ओलांडला जातो, कारण तेथे तो फुटून मध्ये एक मोठे खोरे राखतो, ज्यातले पाणी कोणत्याही समुद्राला मिळत नाही. युटात सॉल्ट लेक सिटीच्या पश्चिमेला मिठाची पांढरी सपाटी लागते. तेथील विश्रांतिस्थळावरून पायी उतरता येते. ओल्या मिठावर गाडी मात्र कधीही घालू नये, वरचा थर फुटून ती रुतते. पुढे नेवाडात रस्ता हम्बोल्ट नदीच्या बाजूने जातो, आणि ही नदीही समुद्र न गाठता वाळवंटातच जिरते.

हिवाळा आणि वारा

नोव्हेंबर ते एप्रिल या काळात हा मार्ग शक्यतो टाळावा. वायोमिंगात, विशेषतः लॅरमी आणि रॉलिन्स यांच्या दरम्यान, वारा आणि उडणारे बर्फ यांमुळे महामार्ग बंद होतो. रॅम्पच्या तोंडाशी त्यासाठीच फाटके बसवलेली आहेत. ती पाडलेली असताना जवळच्या गावातला लहान रस्ता दाखवणाऱ्या ॲपचे ऐकू नये. ५११ या क्रमांकावर किंवा राज्याच्या रस्ते विभागाच्या संकेतस्थळावर आदल्या रात्री आणि सकाळी स्थिती पाहावी. कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा ओलांडताना डॉनर घाटात टायरला साखळ्या बांधण्याचे आदेश निघतात. हिवाळ्यात गेल्यास आपल्या टायरच्या मापाच्या साखळ्या जवळ हव्यात आणि त्या घरी एकदा बांधून पाहिलेल्या हव्यात. उन्हाळ्यातही जोरदार पावसात क्रूझ कंट्रोल (ठरावीक वेग आपोआप राखणारी सोय) बंद ठेवावा.

गाडी बंद पडल्यास ती उजव्या कडेला जमेल तितकी दूर घ्यावी, सर्वांनी उजव्या बाजूने उतरावे आणि लोखंडी कठड्यापलीकडे उभे राहावे. रस्त्याच्या कडेला उभ्या गाडीत बसून राहणे धोक्याचे असते. अपवाद फक्त हिमवादळाचा, तेव्हा गाडी सोडू नये.

कॅलिफोर्नियात शिरताना

ट्रकीजवळ राज्याचे कृषी तपासणी नाके लागते. अधिकारी गाडी थांबवून फळे, भाज्या किंवा रोपे आहेत का, असे विचारतात. खरे उत्तर द्यावे. मराठी घरांत एक गोष्ट हमखास अडते, ती म्हणजे कढीपत्ता. त्यावर वाढणारी एक कीड लिंबूवर्गीय झाडांचा जीवघेणा रोग पसरवते, आणि म्हणून त्याच्या पानांच्या व रोपांच्या वाहतुकीवर निर्बंध आहेत. कितीही प्रेमाने वाढवलेली कुंडी असो, ती न्यू जर्सीतच कोणाला तरी देऊन निघावे. संत्री-लिंबे नेवाडातच संपवावीत.

पुढे उतार मोठा आहे. ब्रेकवर सतत पाय न ठेवता खालच्या गिअरमध्ये उतरावे. बे ब्रिजचा टोल आगाऊ फासट्रॅक नसेल तर गाडीच्या क्रमांकावरून आकारला जातो आणि बिल नोंदणीच्या पत्त्यावर, म्हणजे जुन्या घरी जाते. म्हणून टपालाचा पत्ता बदलण्याचा अर्ज निघण्यापूर्वीच केलेला असावा. कॅलिफोर्नियात रहिवासी झाल्यावर वाहन परवान्यासाठी १० दिवसांत आणि गाडीच्या नोंदणीसाठी २० दिवसांत मोटार वाहन विभागाकडे जावे लागते. त्या कार्यालयाची वेळ प्रवासात असतानाच, एखाद्या मुक्कामाच्या संध्याकाळी, ऑनलाइन घेऊन ठेवावी.